आभाळातला मास्तर

गडचांदूर मागे टाकून गाडी घाट चढू लागली की सिमेंट कारखान्यांची धूळ खाली राहते आणि मोबाइलची रेंज लपाछपी खेळू लागते. जिवती तालुका हे नाव सरकारी कागदावरचे. बोलताना इथली माणसे नुसते ‘पहाड’ म्हणतात. पहाडावर लग्न असते, पहाडावरून कापूस उतरतो, मास्तरांची बदली पहाडावर होते. गोंड आणि कोलाम इथले जुने रहिवासी. जमिनीच्या शोधात नांदेड-लातूरकडून वर आलेली मराठी कुटुंबे आणि बंजाऱ्यांचे तांडे नंतरचे. पलीकडच्या अंगाने उतरले की तेलंगणातला आसिफाबाद जिल्हा. त्यामुळे आठवडी बाजारात अर्धा तास उभे राहिले तरी गोंडी, कोलामी, मराठी, गोरमाटी आणि तेलुगू अशा पाच भाषा कानावरून जातात.

पहाडावर आणखी एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. घर कुडाचे असो, पत्र्याचे असो की घरकुल योजनेतले, छपरावर नाहीतर अंगणातल्या खांबाला छत्री असतेच. डिश अँटेना हा शब्द दुकानदाराचा. घरात ती छत्रीच. आणि या साऱ्या छत्र्यांची तोंडे साधारण एकाच बाजूला, दक्षिण-आग्नेयेला वळलेली असतात. त्या दिशेला, विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर उपग्रह ठाण मांडून बसले आहेत. पृथ्वी स्वतःभोवती जेवढ्या वेळात फिरते तेवढ्याच वेळात ते तिची प्रदक्षिणा पुरी करतात, म्हणून खालून पाहणाऱ्याला ते जागचे हलत नाहीत. या कक्षेला क्लार्क कक्षा असेही म्हणतात. हा क्लार्क म्हणजे आर्थर सी. क्लार्क, ‘२००१: अ स्पेस ओडिसी’चा लेखक.

आपल्याकडे क्लार्कची ओळख चमत्कारिक गोष्टी लिहिणारा अशी आहे. पण आधुनिक जग खेड्यातल्या माणसापर्यंत कसे पोहोचावे याविषयी त्याचे एक ठाम मत होते, आणि ते जगात सर्वांत मोठ्या प्रमाणावर पारखून पाहिले गेले ते भारतात, १९७५-७६ मध्ये. पहाडाच्या पूर्वेला, दक्षिणेला आणि नैर्ऋत्येला ती पारख झाली. पहाडावर झाली नाही. तरी त्या प्रयोगाचा खरा अर्थ मला पहाडावरूनच नीट दिसतो, म्हणून ही हकिगत इथून सांगतो.

ऑक्टोबर १९४५. क्लार्क २७ वर्षांचा होता आणि ब्रिटिश हवाई दलात रडारचे काम करून नुकता युद्धातून बाहेर पडत होता. ‘वायरलेस वर्ल्ड’ या मासिकाच्या त्या महिन्याच्या अंकात त्याचा एक तांत्रिक लेख आला. म्हणणे सरळ होते: आभाळात योग्य उंचीवर सारख्या अंतराने तीन ठाणी उभी केली, तर पृथ्वीच्या जवळजवळ प्रत्येक कोपऱ्यात आवाज आणि चित्र पोहोचवता येईल, डोंगर, समुद्र, वाळवंट काहीच आड येणार नाही. कक्षेची कल्पना त्याची एकट्याची नव्हती. पोटोच्निक नावाच्या अभियंत्याने १९२८ मध्येच तिच्याबद्दल लिहिले होते. पण तिचा उपयोग जगभरच्या प्रक्षेपणासाठी होईल, हा हिशेब क्लार्कने मांडला. एक गोष्ट मात्र त्याच्या नजरेतून सुटली. त्याला वाटले, या ठाण्यांवर माणसे राहतील. रेडिओतले काचेचे व्हॉल्व्ह वरचेवर जळतात, ते बदलायला कुणीतरी नको का? पुढे ट्रान्झिस्टर आला आणि वरच्या माणसांची गरज संपली. खाली मात्र दुरुस्तीला माणूस लागतोच, हे पुढे भारतात कळायचे होते.

त्याच ऑक्टोबरात पहाड कुठे होता? निजामाच्या राज्यात, आदिलाबाद जिल्ह्याच्या राजुरा तालुक्यात. राज्यकारभाराची भाषा उर्दू. पाच वर्षांपूर्वी, १९४० मध्ये, पहाडाच्या पलीकडच्या जोडेघाटला निजामाच्या पोलिसांनी कोमराम भीम या गोंड पुढाऱ्याला गोळ्या घातल्या होत्या. गोंडांच्या हातून जमिनी जात होत्या, जंगल खाते कसलेल्या शेतातून हुसकून लावत होते, त्यावर त्याने बंड केले होते. बंड मोडले, पण निजाम सरकारला प्रश्न पडला की ही माणसे उठली कशामुळे. ते समजून घेण्याचे काम ऑस्ट्रियात जन्मलेल्या एका मानववंशशास्त्रज्ञाकडे आले, क्रिस्टॉफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांच्याकडे. युद्धामुळे ते ब्रिटिशांच्या लेखी शत्रुराष्ट्राचे नागरिक होते आणि छावणीत डांबले जाण्याऐवजी त्यांना हैदराबाद संस्थानात राहण्याची मुभा मिळाली होती. ते आणि त्यांची पत्नी बेट्टी मारलवाई या गोंड गावात झोपडी बांधून राहिले.

हायमेनडॉर्फ यांचे निदान असे: गोंडांना फसवले जाते, कारण त्यांना कागद वाचता येत नाही. पटवारी काय लिहितो, सावकार कशावर अंगठा घेतो, हे कळत नाही. म्हणून १९४३ मध्ये मारलवाईत गोंड तरुणांना गुरुजी बनवणारे प्रशिक्षण केंद्र सुरू झाले. बाहेरचा मास्तर पाठवायचा नाही, गावातलाच पोरगा शिकवून उभा करायचा. मुलांची पहिली पुस्तके गोंडीत छापली आणि त्यांची लिपी देवनागरी होती. उर्दूच्या राज्यात, तेलुगूच्या शेजारात गोंडीला देवनागरी मिळाली, याचे कारण तिथल्या गोंडांना मराठीचा सराव होता. मला हा तपशील फार महत्त्वाचा वाटतो. राज्याच्या कचेरीत बसलेल्या कुणालाही हे सुचले नसते. त्यासाठी त्या गावात राहावे लागते.

तेव्हा १९४५ साली दोन विचार एकाच वेळी जिवंत होते. इंग्लंडचा तरुण म्हणत होता, वरून पाठवा. मारलवाईत चालले होते ते खालून उगवत होते. दोघांना एकमेकांचा पत्ता नव्हता.

१९५६ मध्ये क्लार्क समुद्रात बुड्या मारण्याच्या छंदापायी सिलोनला येऊन स्थायिक झाला. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला राज्य पुनर्रचना झाली आणि मराठी भाषकांचा म्हणून राजुरा तालुका आदिलाबादमधून निघून मुंबई राज्यात आला. आधी तो नांदेड जिल्ह्याला जोडला होता, १९५९ मध्ये चांद्याला, म्हणजे आजच्या चंद्रपूरला, आला. पहाडावरच्या माणसाने जागचे न हलता तीन-चार वर्षांत दोन राज्ये आणि तीन जिल्हे पाहिले.

क्लार्कचा विचार या काळात पक्का होत गेला. १९६२ च्या ‘प्रोफाइल्स ऑफ द फ्यूचर’ या पुस्तकात आणि १९६४ मध्ये बीबीसीसमोर बोलताना त्याने जे मांडले त्याचे सार असे: माणूस कुठे राहतो याला पुढे फारसे महत्त्व उरणार नाही. जगात कुठेही असलेल्या माणसाशी तत्काळ बोलता येईल, दूरवर बसलेला शल्यविशारद शस्त्रक्रिया करील, कामासाठी शहरात गर्दी करण्याचे कारण सरेल. यामागे एच. जी. वेल्सची सावली स्पष्ट आहे. जगातले सारे ज्ञान एके ठिकाणी जमवून सर्वांना खुले करावे हे वेल्सचे स्वप्न होते. त्याच्या १९३८ च्या लेखसंग्रहाचे नावच ‘वर्ल्ड ब्रेन’ आहे. वेल्सने मेंदूची कल्पना केली, क्लार्कने त्याला नसा दिल्या. आणि गरीब देशांना त्याने एक जास्तीची गोष्ट सांगितली: युरोपने रस्ते, मग तारा, मग रेडिओ असा शंभर वर्षांचा जिना चढला, तो तुम्ही चढू नका. सरळ वरच्या मजल्यावर उडी मारा.

अहमदाबादेत विक्रम साराभाई नेमके हेच म्हणत होते. नेहमीच्या पद्धतीने दूरदर्शन आधी शहरांत येईल, मग जिल्ह्याच्या गावी आणि खेड्याची पाळी यायला पिढी जाईल. उपग्रह असेल तर क्रम उलटा करता येईल, खेडे आधी. सप्टेंबर १९६९ मध्ये अणुऊर्जा खाते आणि अमेरिकेची नासा यांच्यात करार झाला. उपग्रह एक वर्षासाठी त्यांचा. खालची यंत्रणा, संच आणि कार्यक्रम आपले. साराभाई हे पाहायला उरले नाहीत. ३० डिसेंबर १९७१ ला ते गेले. मग काम उभे केले ते शास्त्रज्ञ यश पाल आणि दोन मराठी माणसांनी. एकनाथ वसंत चिटणीस कोल्हापूरचे. थुंबाच्या रॉकेट तळाची जागा शोधण्यापासून ते साराभाईंबरोबर होते आणि या प्रयोगाच्या कार्यक्रमाची धुरा त्यांच्याकडे होती. प्रमोद काळे पुण्याचे. प्रकल्पाचे व्यवस्थापन त्यांनी सांभाळले. आपल्याकडे अवकाशाच्या गोष्टीत रॉकेट उडाले की टाळ्या पडतात. चिटणीस-काळे यांच्या या कामात रॉकेट नव्हते, २,४०० खेडी होती. म्हणून की काय, पाठ्यपुस्तकात त्यांची नावे शोधावी लागतात.

प्रयोगाचे इंग्रजी नाव ‘साइट’. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६. सहा राज्ये: आंध्र, कर्नाटक, ओरिसा, बिहार, मध्य प्रदेश आणि राजस्थान. उपग्रहाचे नाव एटीएस-६. अंतराळात गेल्यावर उमलणारी नऊ मीटरची छत्री त्याला होती. अमेरिकेने आधी तो आपल्याच अ‍ॅपलाचियाच्या डोंगरांत आणि अलास्कात शाळा-दवाखान्यांसाठी वापरला आणि मग पूर्व आफ्रिकेच्या डोक्यावर आणून उभा केला. पहाडावर तेव्हा एखादी छत्री असती तर तिचे तोंड आजच्यासारखे आग्नेयेला नसते. जवळजवळ पश्चिमेला असते.

प्रत्यक्ष दृश्य असे. शाळेच्या किंवा पंचायतीच्या आवारात तीन मीटर व्यासाची छत्री, तिला कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसली जाळी. हैदराबादच्या ईसीआयएल कारखान्यात बनलेला संच लाकडी पेटीत. सकाळी दीड तास शाळेच्या मुलांसाठी, संध्याकाळी अडीच तास गावासाठी: शेती, आरोग्य, कुटुंबनियोजन, थोडे नाच-गाणे, आणि अर्धा तास दिल्लीहून साऱ्या देशासाठी हिंदीत. पुढे मुले, मागे बायका, भिंतीला टेकून पुरुष. कित्येकांनी सिनेमासुद्धा पाहिलेला नव्हता, त्यांनी पहिले हलते चित्र पाहिले ते थेट अंतराळातून आलेले. क्लार्कला याहून चांगली कादंबरी लिहिता आली नसती.

आणि हे विसरू नये की तारीख १ ऑगस्ट १९७५ होती. पाच आठवड्यांपूर्वी आणीबाणी लागली होती. वर्तमानपत्रांवर सेन्सॉर बसला होता आणि खेड्यात मात्र दिल्लीचा आवाज पहिल्यांदाच चित्रासह येत होता. क्लार्कच्या लेखांत प्रक्षेपण म्हणजे खुले आकाश. वरून बोलणारा एकच असेल आणि खालच्याला उलट बोलता येत नसेल तर काय, याचा विचार त्याने कमी केला, असे माझे मत आहे.

क्लार्क स्वतः या प्रयोगाचा प्रेक्षक झाला. इस्रोच्या अभियंत्यांनी कोलंबोत त्याच्या घरी छत्री बसवून दिली. श्रीलंकेत तेव्हा दूरदर्शन नव्हतेच, ते १९७९ मध्ये आले. तीस वर्षांपूर्वी कागदावर मांडलेला हिशेब त्याच्याच घरात चित्र होऊन उमटला. तोवर जगात असा प्रयोग झालेला नाही, असे तो सगळ्यांना सांगत सुटला आणि उपग्रह वर्षभराने परत नेऊ नये असेही त्याला वाटत होते.

आता पहाडाकडे वळू. नकाशावर प्रयोगातली गावे मांडली तर चंद्रपूर जिल्हा (गडचिरोली तेव्हा त्यातच होते) कसा दिसतो? पूर्वेला छत्तीसगडात रायपूर, दुर्ग, बिलासपूर. दक्षिणेला तेलंगणात मेदक, महबूबनगर. नैर्ऋत्येला गुलबर्गा, विजापूर, रायचूर. लहरींना राज्याची सीमा कळत नाही. पहाडावरही त्या पडतच होत्या, कौलांवर, सागाच्या पानांवर. पकडणारे कुणी नव्हते, एवढेच.

त्याहून मला खटकते ती भाषेची बाब. उपग्रहावरून चित्राची वाहिनी एक आणि आवाजाच्या दोन अशी सोय होती. आंध्र आणि कर्नाटक यांच्यासाठी चित्र एकच जाई. आवाज एका वाहिनीवर तेलुगू, दुसरीवर कन्नड. भारतासारख्या देशासाठी ही फार देखणी युक्ती होती. प्रयोगाच्या भाषा चार: हिंदी, ओडिया, तेलुगू, कन्नड. मराठी नव्हती, कारण महाराष्ट्र नव्हता. मुलांचे विज्ञानाचे कार्यक्रम मात्र इस्रोच्या मुंबईतल्या स्टुडिओत तयार झाले. मराठी माणसांनी राबवलेला, मुंबईत काही अंशी घडलेला हा प्रयोग विजापूर-गुलबर्ग्याकडच्या मराठी घरांनी पाहिला असेल तर कन्नडमध्ये. आणि छत्तीसगडातल्या गोंडांनी? हिंदीत.

वर्ष सरले आणि मोजमाप झाले. या प्रयोगाचा मोठेपणा असा की त्याने स्वतःला मोजून घेतले. बिनोद अगरवाल यांच्या मार्गदर्शनाखाली मानववंशशास्त्राचे अभ्यासक निवडक गावांत महिनोन्‌महिने राहिले, शिवाय मोठ्या पाहण्या झाल्या. निष्कर्ष मिश्र होते. आरोग्य आणि कुटुंबनियोजनाची माहिती वाढली, आणि ती बायकांमध्ये, निरक्षरांमध्ये अधिक वाढली. ज्यांच्यापर्यंत दुसरे काही पोहोचत नव्हते त्यांना फायदा झाला. शेतीत फारसा फरक दिसला नाही. बियाणे, खत, कर्ज गावात नसेल तर पडद्यावरचा शेतकरी पाहून कोण काय करणार? आरंभीची गर्दीही पुढे ओसरली. सर्वांत भरीव काम झाले ते गुरुजींच्या प्रशिक्षणाचे: सुट्ट्यांमध्ये सुमारे ५०,००० प्राथमिक शिक्षकांना विज्ञान शिकवण्याचे धडे मिळाले, आणि तेही नुसते पडद्यावरून नव्हे; जवळ रेडिओ, हातात साहित्य, समोर मार्गदर्शक. म्हणजे आभाळातला मास्तर चालला तो जमिनीवरचा मास्तर बरोबर होता तिथे. बंद पडलेले संच पुन्हा चालू करायला जीप, तंत्रज्ञ आणि गावातला एक राखणदार लागला. १९४५ च्या लेखात ठाण्यावर बसवलेला व्हॉल्व्ह बदलणारा माणूस हाच. फक्त ३६,००० किलोमीटर खाली आलेला.

मारलवाईत हे १९४३ लाच ठाऊक होते. गुरुजी गावातला, पुस्तक गावाच्या बोलीत, लिपी ओळखीची. साइटच्या आखणीत कुणी मारलवाईचा दाखला घेतला असता तर पाचवी भाषा गोंडी झाली असती का? तांत्रिक अडचण होती, आवाजाच्या वाहिन्या दोनच. पण प्रश्न विचारला गेला असता.

पुढचे भराभर सांगतो. एटीएस-६ परत गेला. १९८२ च्या एप्रिलमध्ये आपला इन्सॅट-१ए उडाला आणि सप्टेंबरात निकामी झाला. त्याच वर्षी २६ ऑगस्टला चंद्रपूरमधून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. १९८३ मध्ये इन्सॅट-१बी आला आणि ग्रामीण कार्यक्रमांच्या नव्या यादीत महाराष्ट्राला, मराठीला जागा मिळाली. पण तोवर वारे फिरले होते. आशियाई खेळांमुळे रंगीत दूरदर्शन आले, मग मालिका, मग जाहिराती. साराभाईंचा उलटा क्रम पुन्हा सुलटा झाला: शहर आधी.

क्लार्कचे स्वप्न पहाडावर शब्दशः उतरले ते २०२० च्या जुलैत. शाळा बंद होत्या, घाटमाथ्यावर फोनवर वर्ग चालणे ही थट्टाच होती, कारण रेंजसाठी पोराने टेकाडावर जाऊन बसायचे. तेव्हा दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ सुरू झाली. पहिली ते आठवीच्या मुलांसाठी, रोज, मराठीत, उपग्रहावरून, छपरावरच्या फुकट छत्रीतून. कार्यक्रम चांगला होता. घरच्या घरी करता येतील अशा कृती त्यात होत्या. शहरातल्या ऑनलाइन वर्गांपेक्षा मला तो कितीतरी सरस वाटला. साराभाई आणि क्लार्क यांच्या मनात होते ते हेच: महागडे यंत्र नको, दूरचे पोर आधी. साइट संपल्यानंतर ४४ वर्षांनी पहाडावरच्या मराठी पोराची पाळी आली होती. कोलामगुड्यावर पहिलीत बसलेल्या पोराची मात्र अजून आलेली नव्हती. त्याच्या घरात कोलामी बोलतात.

पहाडाच्या काठावर १४ गावे आहेत, ज्यांच्यावर महाराष्ट्र आणि तेलंगणा दोघेही हक्क सांगतात. तिथे दोन राज्यांची रेशनकार्डे, दोन मतदारयाद्या आणि दोन शाळा आहेत, एक मराठी, एक तेलुगू. तेलंगणाच्या बाजूने ही गावे केरामेरी मंडलात येतात, म्हणजे कोमराम भीमच्या जोडेघाटच्याच मंडलात. साइटची ती युक्ती जणू इथे जमिनीवर उतरली आहे: चित्र एक, आवाज दोन. गोंडी आणि कोलामी दोन्हींत नाहीत. गडचिरोलीत धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये स्वतःची गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली, तर शिक्षण खात्याने ती अनधिकृत ठरवली आणि प्रकरण उच्च न्यायालयात गेले. हायमेनडॉर्फ यांना निजामाच्या राजवटीत जे करता आले, ते ग्रामसभेला लोकशाहीत करताना कोर्टाची पायरी चढावी लागली.

क्लार्क २००८ मध्ये कोलंबोत वारला. बेट्टी आणि क्रिस्टॉफ हायमेनडॉर्फ यांच्या समाध्या मारलवाईत आहेत आणि गोंड त्यांना विसरलेले नाहीत. चिटणीस शंभरी गाठून २०२५ मध्ये पुण्यात गेले.

एक विनंती. मारलवाईच्या गुरुजींनी वापरलेली देवनागरीतली गोंडी वाचनपुस्तके आज सहज पाहायला मिळत नाहीत. जिवती, राजुरा, केरामेरी, जैनूर या भागात कुणाच्या घरी आजोबांच्या पेटीत असे एखादे पुस्तक, पाटीवरच्या धड्यांची वही किंवा त्या शाळेचा दाखला असेल, तर रद्दीत घालू नका. फोनवर पानापानाचा फोटो काढून ठेवा. रेंज आली की पाठवता येईल.